साभार परत

'साभार परत' या दोन शब्दांचं वजन किती असतं, ते लेख लिहिण्याच्या फंदात कधीच न पडलेल्या सुखी माणसाला कळायचं नाही. पूर्वी मासिकाला लेख पाठवायचा तर सोबत आपलाच पत्ता लिहिलेला आणि पुरेशी तिकिटं लावलेला लिफाफा जोडावा लागे. म्हणजे आपला अपमान आपल्याच खर्चाने आणि आपल्याच अक्षरात घरी यायचा. त्यात आणखी एक गंमत होती. संपादकाने ठेवून घेतलेल्या लेखाचा गल्लीत कुणाला पत्ता लागत नसे. तो छापून यायला सहा महिने लागायचे, आणि आला तरी आमच्या गल्लीत ते मासिक विकत घेत होतं कोण? परत आलेला लेख मात्र पोस्टमन भर दुपारी, ओटीवरच्या सगळ्या मंडळींच्या देखत हातात ठेवायचा. त्यामुळे संपादकाने काय ठेवून घेतलं याची दाद ना फिर्याद. त्याने काय परत पाठवलं यावरून गल्ली त्याची आवड ठरवून मोकळी व्हायची.

जगातल्या वस्तूंचे रंगही आपण असेच ठरवतो, असं भौतिकशास्त्र म्हणतं.

आता टोमॅटोचं घ्या. टोमॅटो लाल असतो हे आपण बालवाडीपासून घोकत आलो. शास्त्राचं म्हणणं असं की टोमॅटोला लाल सोडून बाकी बरंच काही आवडतं. सूर्याचा पांढरा उजेड ही तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या लहरींची मिसळ आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातल्या साधारण ४०० ते ७०० तुकड्यांएवढ्या लांबीच्या लहरी आपल्या डोळ्यांना दिसतात. ही सगळी मिसळ टोमॅटोवर येऊन पडते. त्याच्या अंगात लायकोपीन नावाचं एक द्रव्य असतं. ते त्यातला निळा-हिरवा भाग ठेवून घेतं आणि तांबडा साभार परत करतं. तो परत आलेला भाग आपल्या डोळ्यांत शिरतो आणि आपण म्हणतो, "वा! काय लालबुंद आहे!" ज्याला त्याने दारातूनच वाटेला लावलं, त्याचंच नाव त्याला जन्मभर चिकटतं.

झाडाच्या पानाची कथा तीच. पानातलं हरितद्रव्य तांबड्या आणि निळ्या प्रकाशावर आपली साखर रांधतं. हिरव्यावर त्याचा जीव कमी. कमी म्हणतोय, अजिबात नाही असं नव्हे. हिरव्यातलाही बराचसा भाग पान कामाला लावतं आणि थोडासाच माघारी धाडतं. पण त्या थोडक्या परतीवर सगळ्या सह्याद्रीला आपण हिरवागार म्हणतो.

ही भानगड उघडकीला आणली न्यूटनने. १६६५-६६ साली प्लेगमुळे केंब्रिजचं विद्यापीठ बंद पडलं आणि हा तरुण गावी जाऊन बसला. सक्तीची रजा मिळाल्यावर माणसं काय करतात, हे आपण २०२० साली घरोघर पाहिलं. न्यूटनने या काळात जे अनेक उद्योग आरंभले त्यात एक लोलकाचा होता. खोली काळोखी करून खिडकीच्या भोकातून सूर्याचा एक कवडसा आत घेतला, लोलकातून भिंतीवर पाडला, आणि पांढऱ्या उजेडाच्या पोटातून रंगांचा पट्टा बाहेर काढला. हे सगळं १६७२ साली छापून आलं आणि १७०४ साली त्यावर त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. त्या पट्ट्यात त्याने आधी पाचच रंग मोजले होते. पुढे सप्तसुरांशी जुळावेत म्हणून नारिंगी आणि पारवा यांची भरती केली. आपण शाळेत जे 'तानापिहिनिपाजा' पाठ केलं, त्यातला 'पा' इंद्रधनुष्यात कुणाला दिसला असेल तर त्याने हात वर करावा. पण याच न्यूटनने त्या पुस्तकात एक भलतीच गोष्ट सांगून ठेवली आहे. ती म्हणजे, खरं पाहता किरणांना स्वतःला रंग नसतो; आपल्यात रंगाची जाणीव जागी करण्याची शक्ती तेवढी त्यांच्यात असते. टोमॅटोचा रंग काढून घेतला तो घेतलाच, वर उजेडाचाही काढून घेतला!

पाठ्यपुस्तकात या ठेवून घेण्याला 'प्रकाशाचे शोषण' म्हणतात. हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे मोर्चा उभा राहतो. टोमॅटो मालक, प्रकाश कामगार, आणि लाल बावटा तर आहेच. त्यापेक्षा आपला घरगुती शब्द बरा: पोटात घालणं. आई पोरांचे अपराध पोटात घालते, तसा डांबरी रस्ता उन्हातल्या जवळजवळ सगळ्या लहरी पोटात घालतो, म्हणून काळा दिसतो. याउलट चुन्याची भिंत. येईल ते जसंच्या तसं परत. या न्यायाने पांढरी वस्तू म्हणजे कशालाच आपलं न म्हणणारी, आणि काळी म्हणजे आल्या-गेल्या सगळ्यांना घरात घेणारी. कीर्तीच्या बाबतीत मात्र वाटणी उलटी झाली आहे. मन निर्मळ असेल तर ते पांढरं, करणी वाईट असेल तर ती काळी, बाजारातला पैसाही काळा. बरं, ज्याच्यापुढे आपण 'माझे अपराध पोटात घाल' म्हणून नाक घासतो, तो पंढरपूरचा देव तेवढा काळा आहे. आणि त्याच्या बाबतीत कुणाची काही तक्रार ऐकिवात नाही.

पोटात घातलेलं जातं कुठे, हा प्रश्न राहतोच. ते नाहीसं होत नाही. पान त्याची साखर करतं. रस्ता त्याची उष्णता करतो, म्हणून वैशाखात अनवाणी चाललं की काळ्या रंगाचं मोठेपण तळपायाला समजतं. संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसायची ती थंडीत ऊब मिळावी म्हणून, असं आमची आजी सांगायची. आणि खिडकीच्या पडद्याचं काय होतं, तर तो विटतो. कापडातला रंग जो प्रकाश पोटात घालतो, तोच प्रकाश त्या रंगाच्या कणांची मोडतोड करत बसतो. परत पाठवलेला प्रकाश काही करत नाही. ठेवून घेतलेला करतो. पोटात घालण्याची किंमत पडते ती अशी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण टोमॅटोचा 'खरा' रंग कोणता?

आमच्या फ्रिजमधला दिवा गेलाय. (दुरुस्तीवाला चार महिने 'उद्या' येतोय, पण तो वेगळा विषय.) त्या मिट्ट काळोखात भाजीच्या खणातला टोमॅटो कुठल्या रंगाचा असतो? लाल नक्कीच नाही. परत पाठवायला लालच मुळी तिथे आलेला नाही. मग काळा? काळा दिसायलाही कुणीतरी बघणारा हवा. काळोखात टोमॅटोपाशी राहतो तो त्याचा स्वभाव: अमक्या लहरी आल्या तर घरात घेईन, तमक्या आल्या तर घेणार नाही. दार उघडून उजेड आत गेला की त्या स्वभावाची वागणूक होते. मला वाटतं रंग हा वस्तूचा गुण नव्हेच, ती तिची वागणूक आहे. आणि वागणूक ही समोर कोण आलंय यावरही असतेच की. साहेबांसमोरचे आम्ही आणि प्यूनसमोरचे आम्ही एकच आहोत असं आमच्या ऑफिसात कोण म्हणेल?

बाजारातल्या माणसाला हे न्यूटनच्या आधीपासून माहीत असावं. टरबूजवाला कापलेल्या फोडी लाल कापडाच्या आडोशाला मांडतो ते उगीच नाही. सराफाच्या दुकानात सोन्यावर पिवळा दिवा आणि हिऱ्यांवर पांढरा. आणि साडीच्या दुकानात ट्यूबलाइटचा असा काही लखलखाट, की आत शिरलेल्या नवऱ्याचा चेहरा आपोआप पांढरा पडतो. बिल यायच्या आधीच.

या ट्यूबलाइटने आमच्या घरात एकदा मोठं रामायण घडवलं. आमच्या हिने आमसुली साडीवर ब्लाउजपीस घेतलं. मॅचिंग सेंटरमध्ये साडीचा पदर आणि पीस एकमेकांवर ठेवून पाहिलं, तर कुठे पदर संपतो नि कुठे पीस सुरू होतं ते कळेना. घरी येऊन सकाळच्या उन्हात बघितलं, तर साडी आमसुली आणि पीस चक्क वांगी! दुकानदाराने बदललं, असं तिचं ठाम मत. दुकानदार शपथा घेतोय. दोघंही खरं बोलत होते, हे तिसऱ्या दिवशी नलूआत्याने सांगितलं.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. रंगाच्या बाबतीत आमच्या घराण्यातलं सर्वोच्च न्यायालय. कुणाच्याही लग्नाचा बस्ता तिच्याशिवाय बांधला जात नसे. दुकानात गेली की ती बसायची नाही, सरबत घ्यायची नाही. कापड उचलायचं आणि "थांबा हं, जरा उजेडात बघते" म्हणून थेट दुकानाच्या पायरीवर. ती म्हणाली, "अगं, दोन कापडांत दोन वेगळे रंग घातलेत. ट्यूबमध्ये त्यांची बेरीज सारखी येते, उन्हात येत नाही. पाच नि सात बारा, आठ नि चार बारा. बारा एवढंच बघितलं तर फरक कसा कळायचा?"

बेरजेचा हा हिशेब ठेवतात आपल्या डोळ्यांतले तीन कारकून. शास्त्रात त्यांना शंकूच्या आकाराच्या पेशी म्हणतात. एकाचा कल लांब लहरींकडे, दुसऱ्याचा मधल्या, तिसऱ्याचा आखूड. लहर कुठून आली, कोणती आली, हे त्यांना सांगता येत नाही. आपल्या टेबलावर किती माल पडला एवढंच ते वर कळवतात. वरचे साहेब, म्हणजे मेंदू, त्या तीन आकड्यांवरून 'चिंतामणी', 'गुलबक्षी', 'अबोली', 'डाळिंबी' अशी नावं ठेवतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की तिघेही घरी जातात. मागे उरतो तो रात्रपाळीचा पहारेकरी. त्याला अंधुक दिसतं, पण रंग समजत नाहीत. रात्री सगळ्या गायी काळ्या का, याचं उत्तर गायींपाशी नाही.

यातला एखादा कारकून जन्मतः गैरहजर असला तर माणसाला काही रंगांतला फरक कळत नाही. अणूवाला जॉन डाल्टन असाच होता. १७९४ साली त्याने आपल्या या दोषावर स्वतःच निबंध वाचला. आपल्या डोळ्याच्या आतला द्रव निळसर असणार, असा त्याचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळे उघडून खात्री करून घ्या असं तो सांगून गेला. १८४४ साली तो वारला. डॉक्टरांनी डोळा उघडला. आत पाण्यासारखं स्वच्छ. त्या डोळ्याचे जपून ठेवलेले अवशेष १९९५ साली पुन्हा तपासले, तेव्हा कळलं की त्याचा मधल्या लहरींचा कारकून जागेवर नव्हता. दीडशे वर्षांनी का होईना, हजेरीपटावर नोंद झाली.

पण तिन्ही कारकून हजर असूनही घराघरांत भांडणं लागली ती २०१५ च्या फेब्रुवारीत. स्कॉटलंडमधल्या एका लग्नाच्या निमित्ताने काढलेला एका झग्याचा फोटो जगभर फिरला. निम्मे म्हणत, झगा निळा आणि काळा. निम्मे म्हणत, पांढरा आणि सोनेरी. आमच्या घरात दोन तट पडले, जेवताना कुणी कुणाला आमटी वाढेना. झगा निळा-काळाच होता. पण फोटो बघताना मेंदू एक वजाबाकी करतो: उजेड पिवळा असेल तर पिवळेपण वजा, सावलीतला निळसर असेल तर निळेपण वजा. त्या फोटोत उजेड कसला होता ते कळत नव्हतं, तेव्हा ज्याच्या मेंदूने जो उजेड गृहीत धरला त्याला तसा झगा दिसला. आपण काय गृहीत धरलंय याची कुणालाच कल्पना नव्हती. त्यामुळेच तर भांडण रंगलं.

अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रंगाला वस्तूचा गुण म्हटलंय, आणि प्रकारही सातच सांगितलेत. न्यूटनशी जुळतो तो आकडा तेवढा. बाकी पांढरा त्यांच्या यादीत पहिला आहे आणि चित्रविचित्र हाही एक स्वतंत्र रंग आहे. नैयायिकांच्या मते डोळा तेजाचा बनलेला. डोळ्यातून तेज निघतं, वस्तूपर्यंत जातं, आणि तेव्हा आपल्याला दिसतं. आजचं शास्त्र हे मानत नाही. शास्त्रज्ञांनी मुलगी बघायचा कार्यक्रम बघितला नसावा. तिथे डोळ्यांतून काहीतरी बाहेर निघतं, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय.

नलूआत्याला बघायला लोक यायचे ते १९६४ ते ६८ च्या सुमारास. साताऱ्याच्या घरात मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. आत्या सावळी होती. 'होती' म्हणून मी थांबतो, पण जाहिरातीत असं थांबून चालत नसे. तिथे 'गहूवर्णी', 'निमगोरी', 'उजळ' अशा पायऱ्या होत्या आणि आजोबांनी वधूवरसूचक मंडळाच्या फॉर्मवर आपल्या लेकीला एक पायरी वर चढवलं होतं. मुलांच्या बाबतीत ही पंचाईत नसते. मुलगा पदवीधर असतो, बँकेत असतो, निर्व्यसनी असतो. त्याच्यावरून कुठल्या लहरी परत येतात हे अजून कुणी छापलेलं नाही.

पहिल्या दोन नकारांनंतर मध्यस्थाने आजोबांना सल्ला दिला, की माजघरातला साठचा पिवळा बल्ब काढा आणि ट्यूबलाइट लावा. त्या काळी चार फुटी ट्यूब म्हणजे चैन. पण आजोबांनी लावली. माजघराची भिंत हिरवी होती, ती गुलाबी केली. "भिंतीचा वाण चेहऱ्यावर पडतो," मध्यस्थ म्हणाले. आपली म्हण सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हण करणाराने बैल नीट पाहिले नसावेत. शेजारच्या तांबूस बैलाने परत पाठवलेला उजेड ढवळ्याच्या पांढऱ्या पोटावर पडतोच, आणि तिथे तांबूस झाक येतेच. गुणाचं मला माहीत नाही, वाण लागतो.

एवढा बंदोबस्त करून ठेवल्यावर चौथी मंडळी आली ती सकाळी साडेनऊला! एसटी लवकर मिळाली म्हणे. ट्यूब लावून ठेवली होती, पण दारातून, खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. त्यापुढे ती बिचारी काय करणार? पोहे झाले, चहा झाला. आत्याने सुईत दोरा ओवून दाखवला. पेपर वाचून दाखवला. मग मुलाची आई उठली, आत्याच्या हाताला धरून म्हणाली, "चला ना, जरा अंगणात उजेडात बसू." आत्या गेली. त्या बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला, उताणा केला, पालथा केला आणि खाली ठेवला.

दहा दिवसांनी पाकीट आलं. 'पत्रिका जमत नाही. मुलीचा फोटो व टिपण साभार परत.' पोस्टमन नेहमीचाच होता आणि ओटीवरची मंडळीही. अशी एकंदर नऊ पाकिटं आली.

आता या व्यवहारात पक्ष किती, ते मोजा. एक उजेड: तो कधी ट्यूबचा, कधी अंगणातला. दुसरा बघणाऱ्याचा डोळा आणि त्यामागचा मेंदू, ज्याने उजेडाबरोबर आणखी कायकाय गृहीत धरलंय ते त्यालाही ठाऊक नाही. तिसरी आत्याच्या हाताची कातडी. त्या कातडीतलं मेलॅनिन म्हणजे काही वेगळा मालमसाला नव्हे. तेच द्रव्य गोऱ्या कातडीत असतं, काळ्यातही असतं. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्याही सगळ्यांत जवळपास सारखी. उत्पादन कमी-जास्त एवढंच. त्याचं कामही पोटात घालण्याचंच. उन्हातले अपाय करणारे अतिनील किरण ते ठेवून घेतं, त्यांची उष्णता करून टाकतं आणि आतल्या पेशींना धक्का लागू देत नाही. तीन भागीदार मिळून रंग घडवतात. मग दिवाळं निघालं की एकाच भागीदाराच्या घरावर जप्ती का यावी? कोर्टात हा खटला एक दिवस टिकला नसता. पण आमच्या माजघरात नऊ वेळा टिकला, आणि नऊही वेळा निकाल पोस्टाने आला.

हल्ली असं राहिलं नाही, असं म्हणणारे म्हणतात. १९७५ साली बाजारात आलेल्या एका सुप्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातला 'गोरेपणा' काढून टाकला, हे खरं आहे. त्याजागी 'झळाळी' आली. मॅट्रिमोनीवर फोटो टाकताना मुली आता स्वतःच मोबाइलमध्ये उजेड कमी-जास्त करतात. ट्यूबसाठी आजोबांना निदान वायरमन बोलवावा लागला होता.

आत्याने लग्नाचा विषय १९६८ साली बंद केला. ड्रॉइंग टीचरचा कोर्स करून हायस्कुलात लागली आणि निवृत्त होईपर्यंत पोरांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवत राहिली. त्या नऊ पाकिटांचं तिने आत काय केलं, साखर की उष्णता, ते मी सांगू शकत नाही. तिने तो विषय कधी काढू दिला नाही. ती चिडकी होती का? थोडी होती. पण आमच्या घरातले गोरे लोक तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त चिडके होते.

तिच्या वर्गातली एक गोष्ट मात्र मला तिच्या एका विद्यार्थ्याने सांगितली. पोरांच्या रंगाच्या पेटीत 'फ्लेश टिंट' नावाची एक ट्यूब असायची. गुलाबीसर. माणूस काढला की पोरं डोळे मिटून ती पिळायची. शेतकरी गुलाबी, कोळीण गुलाबी, आगगाडीचा ड्रायव्हरही गुलाबी. आत्याने एके दिवशी सगळ्यांच्या त्या ट्यूबा गोळा करून टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, "डावा हात कागदावर ठेवा, आणि त्याच्याशेजारी त्याचाच रंग कालवून दाखवा." वर्गात चाळीसएक पोरं. कुणी पिवळी माती घेतली, कुणी तपकिरी, कुणाला त्यात निळा घालावा लागला, आणि तो घातल्यावर बरोबर जमलं म्हणून त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. तास संपत आला तरी मागच्या बाकावरच्या एकाचा कागद कोराच. आत्याने कारण विचारलं.

तो म्हणाला, "बाई, खिडकीकडे हात केला की वेगळा दिसतोय, इकडे घेतला की वेगळा. त्यातला कुठला काढू?"

तो सांगत होता की बाई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग त्याच्यापुढे आणखी एक कोरा कागद ठेवला आणि म्हणाल्या, "दोन्ही काढ. घंटा झाली तरी चालेल."